नमुना क्रमांक सतरा

पाणी गोळा करतो मी.
हंड्यात नाही, अडीचशे मिलीच्या बाटलीत,
आणि पिण्यासाठी नाही.
निकुंभ गाडी चालवतो,
मी बर्फाची पेटी मांडीवर धरून बसतो,
लग्नघरी दह्याचा सट न्यावा तसा, हिंदकळू न देता.

धरणातून निघतं तेव्हा पाणी कसं असतं, मला माहीत आहे.
बारा बंगल्यात तुरटीनं त्याचा गाळ खाली बसतो,
ते वाळूतून गाळून येतं, क्लोरीन घेतं
आणि शाळा सुटल्याचा दाखला घेऊन
शहरात उतरतं.
पुढे त्याला कोण कोण भेटतं, ते दाखल्यावर नसतं.

आमच्या नाशकात पाणी मोजायची जुनी रीत सोपी.
पूर आला की माणसं पुलावर जमतात,
दुतोंड्या मारुतीकडे बघतात:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं.
वडील फोनवर एवढंच विचारायचे, "कुठवर?"
मी मोजतो त्या पाण्याला मारुती नाही.

मे महिना. पंचवटीकडची एक चढावरची वस्ती;
नाव अहवालात लिहिलंय, इथे लिहीत नाही.
पाण्याची वेळ सहाची. आलं साडेसहाला, करंगळीएवढं.
कौतिकाबाई गांगुर्डे यांचा नळ,
तोटीला चिंधी बांधलेली.
चिंधी सोडली. स्पिरिटचा बोळा पेटवून तोटी शेकली.
नियमाप्रमाणे दोन मिनिटं पाणी वाहू दिलं.
मागे रांगेत अकरा हंडे.
त्या दोन मिनिटांत किती पाणी गेलं
ते त्या बायांनी माझ्यापेक्षा अचूक मोजलं.

मग काचेच्या नळीत दहा मिली, वर चिमूटभर पूड.
क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं,
रंगपंचमीनंतर तिसऱ्यांदा धुतलेल्या सदऱ्याइतकं.
नळी उन्हाकडे धरली.
हलवली. पुन्हा धरली.
पाणी पाण्यासारखंच राहिलं.

तेवढ्यात पुढ्यात तांब्या आणि पेला.
"पहाटेपासून हिंडताय. घोटभर घ्या."
"नको," म्हटलं. नको म्हणताना
माझ्या डोक्यात आकडा होता.
तिच्या डोक्यात फार जुनं काही आलं.
पेला तसाच धरून म्हणाली,
"आमच्या हातचं चालत नाही का?"

गढूळपणा, सामू, क्षार, जडपणा.
सगळ्यांच्या पट्ट्या पेटीत होत्या.
मी नळीच तिच्यापुढे केली.
"हाताचं नाही, मावशी. पाण्याचं आहे.
हे गुलाबी व्हायला पाहिजे होतं."
नळीतून पलीकडे, माझ्याकडे बघत ती म्हणाली,
"मग ते तुमचंच की. नळ तुमचा, पाणी तुमचं.
पेला तेवढा माझा."
आणि आत वळून, सुनेला,
"पातेलं चढव गं. बाळाचं उकळून घे."
मग पुन्हा मला, "गॅसचे पैसे कोणत्या रकान्यात लिहिता?"

बाटलीवर लिहिलं: सतरा. सहा चाळीस. उर्वरित क्लोरीन निरंक.
शेऱ्याला जागा दोन बोटं. ती कोरी ठेवली.

प्रयोगशाळेत देवरे मॅडमनी नमुना उबेला लावला.
सदतीस अंश, अठ्ठेचाळीस तास.
मोठ्या नळीत एक इवलीशी नळी उपडी असते,
तिच्यात बुडबुडा धरला की पाणी संशयात.
त्या अठ्ठेचाळीस तासांत वस्तीवर
दोनदा पाणी येऊन गेलं.
तिसऱ्या दिवशी बुडबुडा होता.
मोहरीएवढा.

गटाराला खेटून गेलेला पाइप सापडला, बदलला,
त्याला अकरा दिवस लागले.
बाराव्या दिवशी तोच नळ, चिंधी नवी.
पूड टाकली. नळी उन्हाकडे धरायच्या आतच
रंग चढला, फिकट, पण होता.
रांगेतल्या एका पोरीनं "सरबत!" म्हणून टाळी वाजवली.

मी कौतिकाबाईंकडे पाणी मागितलं.
त्या उंबऱ्यात थांबल्या, पेला पदरानं पुसत:
"कोणतं देऊ? उकळलेलं,
का तुमचं?"